चाक मोठं, गाडी जड

आमच्या आण्णांचं गणित सरळ होतं. "बैलगाडीची चाकं माणसाच्या छातीला लागायची. चिखलातून, खड्ड्यातून लोण्यासारखी निघायची गाडी. मोठं चाक केव्हाही हलकं ओढतं."

मला एवढा आधार पुरेसा होता. खरं सांगायचं तर आधाराची गरजच नव्हती, मनानं टायर कधीच घेऊन झाले होते. शेजारच्या गावातल्या एका पोरानं पिकअपला जाडजूड ऑल-टेरेन टायर टाकले होते आणि नारायणगावच्या चौकात ती उभी असली की माणसं वळून बघायची. माझी गाडी तीच, रंगही तोच, फक्त खाली कंपनीचे गुळगुळीत टायर. बूट नवे आणि पँट आखूड असावी तशी दिसायची.

घरच्यांना मात्र मी दिसण्याचं कारण सांगितलं नाही. आमची रोपवाटिका आहे, टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेमधून शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचवावी लागतात. पावसाळ्यात काळ्या रानातला रस्ता म्हणजे दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये उंच पाठ. ती पाठ मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे आसाच्या मधोमध दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या, गोळ्याला घासायची. हे कारणही खोटं नव्हतं, फक्त दुसऱ्या नंबरचं होतं.

गाडी डबल कॅबिन, फोर-बाय-फोर, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, हातानं टाकायचे. कंपनीचा टायर २४५/७० आर १६. मी घेतला २६५/७५ आर १६. ज्यांना हे आकडे अजून कोडं वाटतात त्यांच्यासाठी थोडक्यात: २४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर जुन्या चाकाचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर येतो आणि नव्याचा ८०४. मी दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवर हे काढलं आणि खूश झालो, गाडी साडेपाच सेंटिमीटरनं उचलणार! दुकानदारानंही मान डोलावली. घरी येऊन टेप लावला तर गाडी पावणेतीन सेंटिमीटरच वर आलेली. अर्थातच. व्यास वाढला तरी आस जमिनीपासून त्रिज्येइतकाच वर असतो, चाकाचा वरचा अर्धा भाग आसाला उचलत नाही. बारावीला फिजिक्स घेतलं होतं, हे कुणाला सांगू नका.

पाच टायरांचे ७५,००० झाले. पाच, कारण स्टेपनी वेगळ्या मापाची ठेवून चालत नाही, निदान फोर-बाय-फोर गाडीत तरी. पंक्चर झालं, एक चाक लहान लागलं आणि तसंच फोर-व्हीलमध्ये टाकून कडक रस्त्यावर गाडी चालवली, तर पुढचे-मागचे शाफ्ट वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि मधला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी, पिळून निघतो. एवढं वाचून पाचवा घेतला. पण हौदाखाली स्टेपनीची जी जागा असते तिच्यात तो बसेना. साखळी पूर्ण गुंडाळली तरी टायर चार बोटं खाली लोंबकळतोय. शेवटी तो हौदातच आडवा टाकला. म्हणजे रोपांच्या ट्रेची एक अख्खी रांग गेली. पहिला तोटा गाडी दुकानातून हलायच्या आधीच झाला होता.

पहिल्या आठवड्यात मी हवेतच होतो. रानात गाडी अशी चालली की विचारू नका. टायरमधली हवा थोडी कमी केली की रबर पसरायचं, चिखल धरायचं आणि मधली पाठ खालून नुसती चाटून जायची. लो रेंजमध्ये, म्हणजे चिखल-चढासाठीच्या संथ पण जोरकस गिअरमध्ये, गाडी पूर्वीपेक्षा जराशी जोरात सरकते हे जाणवलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की पुढचं चाक मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासायचं, 'खर्रर्र'. मिस्त्रींनी हीटगननं प्लॅस्टिक मऊ करून मागे ढकललं, मडफ्लॅपचा कोपरा कापला. तो आवाज गेला.

डांबरी रस्त्यावर मात्र काहीतरी चुकत होतं. आधी वाटलं डिझेल खराब लागलं. मग वाटलं एअर फिल्टर चोंदलाय, तो काढून झटकला. काट्यांवर काहीच दिसत नव्हतं. स्पीडोमीटर १०० दाखवायचा तेव्हा इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा टॅकोमीटर पूर्वी जिथं असायचा तिथंच. गिअर तेच, वेग तोच, आरपीएम तेच, आणि तरी गाडी कमरेला दगड बांधल्यासारखी. चौथ्या गिअरमध्ये साठनं चाललोय, पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला पाय दाबला, की पूर्वी मागून जो धक्का यायचा तो यायलाच तयार नाही. एक-दोन-तीन म्हणेपर्यंत समोरून एसटी दिसायला लागलेली असायची.

उलगडा माळशेज घाटात झाला.

भिवंडीहून शेडनेटचे रोल आणि जीआय पाइप आणायचे होते, माल आठशे किलोच्या आसपास. येताना मुरबाड, टोकावडे करत मोरोशीच्या पुढे चढ लागला. या घाटात माझी गाडी भरलेली असली तरी बरीचशी वळणं तिसऱ्यावर काढायची, दुसरा फक्त अगदी तीव्र वळणाला. त्या दिवशी तिसरा टाकला की इंजिन गुरगुरायला लागायचं. दाबावं तर काळा धूर, सोडावं तर गाडी थांबते की काय असं. दुसरा टाकावा तर इंजिन ओरडतंय आणि मागे गाड्यांची वरात. दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत डावा पाय भरून आला. वर पोचलो तेव्हा टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेपासून दोन रेघा वर होता. शेजारी आमचा कामाचा पोरगा बसला होता. तो बराच वेळ गप्प होता, मग हळूच म्हणाला, "भाऊ, हँडब्रेक ओढलेला नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, तपासा म्हटलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. चहाचा कप हातात धरून चाकांकडे बघत राहिले.

"हे कधी टाकले?"

"महिना झाला."

"आणि घाटात एक गिअर कमी पडायला लागला."

मी आण्णांचा बैलगाडीचा दाखला दिला. मिस्त्री हसले. म्हणाले, "आण्णा बरोबर आहेत. पण बैल गाडी ओढतो, भाऊ. चाक आपलं आपण फिरतं. तुमचं इंजिन गाडी ओढत नाही, ते आत बसून चाक फिरवतं. जेवढं चाक मोठं तेवढा फिरवणाऱ्याचा हात आखूड पडतो."

मला हे पुरतं कळायला ती रात्र लागली. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून, मग डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीतून आसापर्यंत येतो. आसाला मिळालेला पीळ जमिनीवर ढकलण्याच्या जोरात बदलतो तो चाकाच्या त्रिज्येनं भागून. त्रिज्या सात टक्क्यांनी वाढली की प्रत्येक गिअरमध्ये ढकल तेवढ्या प्रमाणात घटली. म्हणजे टायर हाच गाडीचा शेवटचा गिअर असतो, आणि तो मी कुणाला न विचारता बदलून बसलो होतो. जुनं चाक एका किलोमीटरला सुमारे ४२५ वेळा फिरायचं, नवं ३९६ वेळा. तेच अंतर, इंजिनाचे फेरे कमी. रिकाम्या गाडीला, सपाट हायवेला हे चांगलंही वाटेल. पण माझ्या इंजिनाचा खरा दम १८०० आरपीएमच्या पुढे, टर्बो भरल्यावर येतो. साठच्या खऱ्या वेगाला चौथ्यात पूर्वी बरोबर त्या उंबरठ्यावर असणारं इंजिन आता पावणेसतराशेच्या आसपास, टर्बोच्या अलीकडे लोळत होतं. ओव्हरटेकचा धक्का तिथं हरवला होता.

आणि काटे का गप्प होते? कारण दोन्ही काटे एकाच घरचे. वेग दाखवणारा काटा खरा वेग मोजत नाही, तो फेरे मोजतो आणि चाक जुन्याच मापाचं आहे असं धरून आकडा सांगतो. त्यामुळे १०० आणि त्याचा आरपीएम यांची जोडी तुटतच नाही, दोघं मिळून खोटं बोलतात. मोबाइलचं जीपीएस लावून गेलो तेव्हा पकडले गेले. जुन्या टायरांवर काटा १०० दाखवायचा तेव्हा जीपीएस ९५ म्हणायचा, बहुतेक गाड्यांचा काटा थोडा फुगवूनच सांगतो. आता काटा १०० आणि जीपीएस १०२. महिनाभर मी स्पीड कॅमेऱ्यांखालून किती निश्चिंतपणे गेलो होतो हे आठवून पोटात गोळा आला.

यावरून ॲव्हरेजचा घोळही सुटला. आमच्याकडे डिझेलची वही आहे, सौ.च्या ताब्यात. टाकी फुल ते टाकी फुल, प्रत्येक वेळी किलोमीटर आणि लिटर. जुन्या टायरांवर १२.४ यायचं. नव्यांवर १०.३ आलं आणि घरात दोन दिवस माझ्याकडे बघायची नजर बदलली. पण ओडोमीटरही तेच फेरे मोजतो. मी नाशिक हायवेला किलोमीटरचे दगड धरून तीस किलोमीटर गेलो, ओडोमीटरवर झाले अठ्ठावीस. म्हणजे गाडी धावत होती जास्त, वहीत लागत होतं कमी. सात टक्के वाढवून धरलं तर खरं ॲव्हरेज ११ च्या घरात. हे मी सौ.ला विजयी मुद्रेनं दाखवलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे दोनाचा नाही, सव्वा-दीडचा तोटा झाला. बरं."

तो सव्वा-दीडचा तोटा मोठ्या मापानं एकट्यानं केला नव्हता. जुना टायर आणि नवा टायर दोन्ही कांद्याच्या वजनकाट्यावर ठेवले, जुना साडेचौदा किलो, नवा बावीस. नवा दहा प्लायचा, म्हणजे जास्त भार पेलणारा, बाजू जाड, नक्षी खोल. चार चाकांना मिळून तीस किलो. तीस किलो हौदात टाकले असते तर कळलंही नसतं. पण हे वजन फिरतं आहे, आणि तेही कडेला. प्रत्येक वेळी वेग घेताना ते पुढे न्यायचं आणि शिवाय गोल फिरवायचं, असा दुहेरी खर्च. त्यात खोल नक्षीचं रबर रस्त्यावर जास्त मळतं, त्यातही डिझेल जातं. सत्तरच्या पुढे कॅबिनमध्ये भुंगा शिरल्यासारखा आवाज यायचा तो वेगळाच. महिनाभरानं त्याची सवय झाली, पण फोनवर बोलणाऱ्याला होत नाही.

हवेचा प्रश्न मी सुरुवातीला हलक्यात घेतला होता. कंपनीच्या दारावरच्या पत्र्यावर लिहिलेलं प्रेशर हे कंपनीच्या टायरासाठी असतं. या जाड टायराला तेवढ्या हवेत भारासकट चालवलं तर तो कडांवर झिजतो, जास्त भरली तर मधोमध. मिस्त्रींनी साधी युक्ती दाखवली. खडूनं टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड पट्टा ओढायचा आणि सरळ, कोरड्या डांबरावर शंभर-दोनशे मीटर जाऊन उतरून बघायचं. खडू मधून पुसला गेला आणि कडांना राहिला तर हवा जास्त, उलट झालं तर कमी. मी भरलेल्या गाडीला एकदा आणि रिकामीला एकदा असं करून दोन आकडे दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवले. सगळ्या प्रकरणात फुकट मिळालेली ही एकच गोष्ट.

तरीही मी टायर काढले नसते. पंच्याहत्तर हजार घातलेला माणूस सहज हार मानत नाही. चढाला दुसरा गिअर टाकेन, ओव्हरटेक कमी करेन, असं मनाशी ठरवलं होतं. काढायला लावले ते उतारानं.

मुरबाडकडे मिरचीची रोपं द्यायची होती. श्रावणातली सकाळ, माळशेजला धुकं, रस्ता ओला, धबधब्यांपाशी पोरांच्या गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या. बोगद्यानंतर मी नेहमीसारखा दुसरा टाकून उतरायला लागलो. पूर्वी दुसऱ्यात इंजिनच गाडी धरून ठेवायचं, पाय ब्रेकवर कधीतरी टेकायचा. आता गाडी सुटत होती. फार नाही, पण प्रत्येक वळणाआधी ब्रेक, पुन्हा ब्रेक. जो गिअर चढताना ढकलायला कमी पडत होता तोच उतरताना धरायलाही कमी पडत होता, हे मला आधी सुचायला हवं होतं. चढाचा त्रास पायाला होतो म्हणून लक्षात येतो. उताराचा त्रास ब्रेकला होतो, आणि तो बोलत नाही.

चार-पाच वळणांनंतर बोलला. जळक्या वासानं. पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तिथं कळलं. पहिला गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, गाडी आवळली गेली, आणि रुंद जागा बघून डोंगराच्या कडेला उभी केली. पुढच्या चाकांतून हलकी वाफ निघत होती, पावसाचे थेंब डिस्कवर पडून चुर्र व्हायचे. अर्धा तास तसाच उभा राहिलो. मागचे ट्रे भिजत होते, रोपांना मजा वाटत असावी. ब्रेकचं गणितही तेच आहे: डिस्क तेवढीच, पॅड तेवढेच, पण जमिनीकडून येणारा जोर आता लांब दांड्यानं डिस्कला फिरवतो, म्हणून तेवढंच थांबायला जास्त आवळावं लागतं. वर फिरतं वजन जास्त.

घरी आल्यावर उपाय शोधले. खरा उपाय एकच, डिफरन्शियलमधलं गुणोत्तर बदलायचं. माझ्या गाडीचं ४.१ आहे, ४.४ चा क्राउन-पिनियन बसला तर सगळे गिअर पुन्हा जागेवर येतात, स्पीडोमीटरसुद्धा खोटं बोलायचं थांबतो, जर त्याचा सेन्सर गिअरबॉक्सच्या टोकाला असेल तर, चाकापाशी असेल तर नाही. फोर-बाय-फोरला पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं, नाहीतर पुन्हा तीच ट्रान्सफर केसची पिळवणूक. खर्चाचा अंदाज टायरांच्या दुप्पट निघाला. काही जण इंजिनाचा कॉम्प्युटर रिमॅप करून जोर वाढवतात. त्यानं चढ सुधारेल. उतारात इंजिनाचा जोर वाढवून काय करू?

विम्यावाल्या मित्रानं आणखी एक खुंटी ठोकली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. "अपघात झालाच तर सर्व्हेअर आधी टायरचा आकडा वाचेल," तो म्हणाला. टायरवरचा आकडा एवढा मोठा असतो की चष्मा लागत नाही.

जुने टायर मी गोठ्यात ठेवले होते, त्यांच्यात अजून अर्धी नक्षी शिल्लक होती. ते आठवडाभर परत चढवले आणि तोच नारायणगाव-मंचर रस्ता, दोन माणसं, फुल टाकी, तिसऱ्या गिअरमध्ये जीपीएसवर चाळीस ते ऐंशी असं मोजलं. साडेनऊ सेकंद. मोठ्या टायरांवर हेच जवळपास अकरा लागले होते. दीड सेकंद वाचायला किरकोळ वाटतो. समोर एसटी असेल तर नाही.

शेवटी मी अधलामधला रस्ता धरला. २४५/७५ आर १६, व्यास ७७४, म्हणजे कंपनीपेक्षा सव्वातीन टक्के मोठा, नक्षी ऑल-टेरेनच पण प्लाय कमी आणि वजन सतराच्या आसपास. हाही कंपनीचा आकडा नाही, म्हणून या वेळी घ्यायच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारलं, उत्तर आल्यावर पैसे दिले. स्टेपनी हौदाखाली गेली, ट्रेची रांग परत आली. माळशेज तिसऱ्यावर चढतो, एका वळणाचा अपवाद. उतरताना दुसरा धरतो. वहीत ११.४ लागतं, हिशेब करून ११.८. हल्ली सौ. स्वतःच तीन टक्के वाढवून लिहिते. रानातली पाठ अधूनमधून घासते. तिच्यासाठी यंदा मार्चमध्ये जेसीबी तासभर लावून रस्ताच सरळ करून घेतला, जे पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं आणि ज्याला टायरच्या एका जोडीपेक्षा कमी पैसे लागले.

आण्णा अजूनही म्हणतात की बैलगाडीला काही अडलं नव्हतं.

मोठे टायर विकायला काढले तेव्हा ओतूरकडचा एक तरुण आला. त्याची गाडी माझ्यासारखीच. मी त्याला सगळं सांगितलं, घाट, ब्रेक, काटा, वही, अगदी कलम ५२ सुद्धा. तो ऐकत होता, पण हात टायरच्या नक्षीवरून फिरत होता. चाळीस हजारांना घेऊन गेला. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला.

"दादा, एक विचारायचं होतं. तुमचे ते मिस्त्री कुठे बसतात?"